जुन्या पिकअपला मोठी डिस्क बसवण्याआधी मागच्या ॲक्सलवरचा व्हॉल्व्ह पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घाटात माल भरलेली पिकअप उलटली की बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ एवढेच कारण छापून येते. त्यानंतर गॅरेजांमध्ये एकच मागणी ऐकू येते: पुढे मोठी डिस्क प्लेट बसवा, जमल्यास मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क करा. दहा-बारा वर्षे जुन्या गाडीच्या मालकाची ही काळजी रास्त आहे. एमएच-११ (सातारा) आणि एमएच-५० (कऱ्हाड) पासिंगच्या अशा कितीतरी गाड्या स्ट्रॉबेरी, बटाटा, आले, कांदा घेऊन पसरणी, केळघर, आंबेनळी आणि कुंभार्ली हे घाट उतरतात. पण पैसा जिथे घालायला हवा तिथे न जाता भलतीकडे जातो, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत. जागेची अडचण असेल तर कायद्याचा भाग वगळावा. मागच्या ब्रेकला किती दाब जायचा ते ठरवणाऱ्या, मागच्या ॲक्सलवरच्या व्हॉल्व्हचा भाग मात्र कृपया पूर्ण छापावा.

घाट ब्रेककडून किती काम मागतो ते आधी पाहू. पसरणी घाटाच्या माथ्यावरची पाचगणी आणि पायथ्याची वाई यांच्या उंचीत साधारण ६०० मीटरचा फरक आहे. मालासह ३ टन वजनाची गाडी एवढी खाली येते तेव्हा सुमारे १७.६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून एकदा उभी करायला ०.४२ मेगाज्यूल लागतात. म्हणजे पसरणी घाट निव्वळ ब्रेकवर उतरणे हे ताशी साठवरून लागोपाठ ४२ वेळा गाडी उभी करण्याइतके आहे. तेवढ्या उष्णतेत ५५ लिटर थंड पाणी उकळीला येईल. पुढच्या दोन डिस्क आणि मागचे दोन ड्रम मिळून ४० किलो बीड (ओतीव लोखंड) धरले आणि वाटेत काहीच थंड होत नाही असे मानले, तर त्याचे तापमान ९०० अंशांच्या वर जाईल. प्रत्यक्षात वारा, टायरचा रोध आणि खालच्या गिअरमधले इंजिन यांतला बराच भार उचलतात, म्हणूनच गाड्या सुखरूप उतरतात. उरलेला भार चारही चाकांत वाटला जातो की दोनच चाकांवर पडतो, हा खरा प्रश्न आहे.

ब्रेक गेले म्हणजे नेमके काय झाले, हे पेडलवरून बऱ्याच अंशी कळते. पेडल दगडासारखे घट्ट आहे, पाय सगळ्या ताकदीने दाबतो आहे आणि गाडी थांबत नाही, तर पॅड (डिस्कला दाबणारे) किंवा लायनर (ड्रमला आतून घासणारे) तापून त्यांची पकड गेली आहे, नाहीतर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. पेडल मऊ लागून थेट फळीला टेकले, तर बहुधा ब्रेक ऑइल उकळले आहे. ऑइल दाबले जात नाही, पण त्याची वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर तिथेच संपतो. पेडल खाली जाते, पण दोन-तीन वेळा पंप केले की वर येते, तर बहुधा मागचे ड्रम तापून फुगले आहेत. २५४ मिलीमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला की व्यासात सुमारे ०.८ मिलीमीटर वाढतो, आणि आधीच ढिल्या असलेल्या शूला (लायनर बसवलेल्या अर्धगोल पट्टीला) तेवढे अंतर जास्त कापावे लागते. गाडी थंड झाली की या तिन्ही खुणा पुसल्या जातात आणि गॅरेजमध्ये ‘ब्रेक तर लागतोय’ असे उत्तर मिळते. म्हणून त्या क्षणी पेडल कसे लागत होते हे ड्रायव्हरने नीट आठवून मिस्त्रीला सांगावे. निदान तिथूनच सुरू होते.

आता मुख्य मुद्दा. ब्रेकच्या दृष्टीने रिकामी पिकअप आणि भरलेली पिकअप ही दोन वेगळी वाहने आहेत. उदाहरणादाखल, रिकामी गाडी १,७०० किलोची आणि मागच्या ॲक्सलवर ७०० किलो धरू. जोरात ब्रेक दाबला की साधारण २०० किलो भार पुढे सरकतो. मागे ५०० च्या आसपास उरतो, म्हणजे एकूण वजनाच्या ३० टक्क्यांहूनही कमी. तीच गाडी भरून ३,००० किलोची झाली आणि मागच्या ॲक्सलवर १,९०० किलो आले, तर तेवढ्याच जोराच्या ब्रेकला पावणेपाचशे किलो पुढे सरकूनही मागे सव्वाचौदाशे उरतात, जवळजवळ निम्मे. म्हणजे मागच्या ब्रेकचा वाटा एका वेळी तीस टक्क्यांपेक्षा कमी हवा आणि दुसऱ्या वेळी जवळपास निम्मा. ही सोय करण्यासाठी मागच्या ॲक्सलजवळ चासीवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्याची दांडी किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी वळते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांकडे जास्त दाब सोडतो.

या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त चासी आणि ॲक्सल यांच्यातले अंतर कळते. आपल्याकडे गाडी घेतल्या घेतल्या कमानीत (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक-दोन जादा पाटे घालतात. त्यामुळे दीड टन माल भरला तरी चासी पुरेशी खाली बसत नाही, व्हॉल्व्हला गाडी अर्धी रिकामीच वाटते आणि तो मागच्या ड्रमना दाब देत नाही. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. पुढचे पॅड वरचेवर संपतात, ते पॅड डिस्कवर दाबणारे कॅलिपर तापतात, त्यांतले ऑइल उकळते आणि पेडल फळीला टेकते. मालक म्हणतो पुढची डिस्क लहान पडते. डिस्क लहान नसते, मागची दोन चाके कामावरच आलेली नसतात. अशा गाडीला मोठी डिस्क बसवली तर पुढचा भाग थोडा उशिरा तापेल एवढेच.

यावर काही ठिकाणी एक उपाय केला जातो आणि तो पाट्यांपेक्षाही वाईट आहे. व्हॉल्व्हची दांडी वर ओढून तारेने बांधून टाकतात, किंवा व्हॉल्व्ह काढून पाइप सरळ जोडतात. मग मागच्या चाकांना नेहमीच पूर्ण दाब जातो. भरलेल्या गाडीला ब्रेक छान लागतो आणि मालक खूश होतो. माल उतरवून रिकामी परत येताना पावसात ब्रेक दाबला की मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. चाक घसरायला लागल्यावर ते बाजूने धरून राहू शकत नाही, आणि मागची दोन्ही चाके घसरली तर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी उपयोग होत नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडून उतारावरच्या एस वळणात असे झाले तर पुढे काय होते ते या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

तपासणी अवघड नाही. गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून उभी करावी. व्हॉल्व्हची दांडी हाताने वर-खाली करावी. ती अडखळता कामा नये आणि सोडल्यावर जागेवर यायला हवी. चिखल आणि गंजाने जाम झालेली दांडी, फाटलेले रबर बूट, झिजलेला बुश, तुटलेली स्प्रिंग, व्हॉल्व्हच्या खालून पाझरलेले ऑइल, यांतले काहीही दिसले तर व्हॉल्व्ह बदलावा; त्याला ठोकून मोकळा करू नये. खरी परीक्षा दाबाची. ० ते १५० बारचे दोन गेज घेऊन एक पुढच्या कॅलिपरच्या निप्पलला (हवा काढायच्या तोंडाला) आणि एक मागच्या व्हील सिलिंडरच्या निप्पलला लावावा, हवा काढावी, पुढचा दाब ५० बारवर आणावा आणि मागचा लिहून ठेवावा. मग गाडी भरून तेच पुन्हा करावे. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत मागचा आकडा बदललाच नाही तर व्हॉल्व्ह काम करत नाही. बदलला, तर तो कंपनीच्या वर्कशॉप पुस्तकातल्या आकड्याशी जुळतो का ते पाहावे आणि ब्रॅकेटवरच्या खाचेतून किंवा दांडीच्या नटावरून जुळवून घ्यावे.

जादा पाटे घातलेल्या गाडीत ही जुळवणी पूर्ण कधीच होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. कमान कडक झाल्याने रिकाम्यापासून भरलेल्यापर्यंत चासीची हालचालच कमी होते. भरलेल्या गाडीला व्हॉल्व्ह जुळवला तर रिकामी गाडी मागून घसरते. रिकामीला जुळवला तर भरलेली पुढून तापते. म्हणून घाटात चालणाऱ्या गाडीची कमान मूळ पाट्यांवर परत आणणे आणि आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनात माल भरणे हाच ब्रेकमधला पहिला बदल आहे. कमान बसली असेल तर त्याच मापाचे नवे पाटे घालावेत, संख्या वाढवू नये. जादा वजनाचा दंड आता २०,००० रुपये आणि वर जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे, तोही हिशेबात धरावा.

मागचे ब्रेक कामावर आहेत का हे कळायला एक स्वस्त साधन आहे: दुरून तापमान दाखवणारी लेझर गन. घाट उतरल्यावर मोकळ्या जागी थांबून लगेच चारही चाकांची नोंद घ्यावी. ड्रम बाहेरून आतल्यापेक्षा थोडा थंडच दिसतो, शिवाय पुढची डिस्क जास्त तापणे स्वाभाविक आहे. पण भरलेल्या गाडीत पुढे साडेतीनशे अंश आणि मागे नव्वद-शंभर दिसले, तर मागे दाब पोहोचत नाही असे समजावे. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकात पन्नास अंशांहून जास्त फरक दिसला तर एका बाजूचा पिस्टन, पिन किंवा शू अडकला आहे.

टायरबद्दल थोडक्यात. २१५/७५ आर १५ च्या जागी उंच ७.०० आर १५ टायर टाकले की चाकाचा व्यास ५ ते ६ टक्के वाढतो आणि ब्रेकचा जमिनीवरचा जोर तेवढाच घटतो. मालकाला वाटते पॅड खराब निघाले.

ऑइल आणि रबर हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त गुण देणारा भाग. डॉट ३ ऑइल ताजे असताना २०५ अंशांना उकळते, ओलावा शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे हे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. ओलावा म्हणजे ३.७ टक्के पाणी. ब्रेक ऑइल हवेतून पाणी ओढतेच, आणि महाबळेश्वर-पाटणच्या पावसात चालणाऱ्या गाडीत तर नक्कीच ओढते. कुंभार्ली उतरणाऱ्या गाडीत तीन वर्षांचे काळे डॉट ३ असेल तर कोणतीही मोठी डिस्क तिला वाचवणार नाही. घाटातल्या गाडीचे सगळे ऑइल वर्षातून एकदा, पाऊस संपून हंगाम सुरू होण्याआधी बदलावे; डॉट ४ चा एक लिटरचा सीलबंद डबा लागतो. उघडून ठेवलेला अर्धा डबा वापरू नये. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे ऑइल आहे, ते या गाड्यांत घालू नये, ५.१ चालते. ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून पॉवर स्टिअरिंगचे किंवा इंजिनचे ऑइल पडले तर निव्वळ धुऊन भागत नाही. ब्रेकमधले रबर खनिज तेलात फुगते, त्यामुळे मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा) चारही चाकांपर्यंत सगळी रबरे आणि हौज पाइप (लवचिक रबरी नळ्या) बदलावे लागतात. याच कारणाने सिलिंडरचे भाग डिझेल-पेट्रोलमध्ये धुण्याची सवय सोडावी. ब्रेक क्लीनर, स्पिरिट किंवा ताजे ब्रेक ऑइल वापरावे.

हौज पाइप बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगतात. पायाच्या जोराने ऑइल जाते, पण पेडल सोडल्यावर परत येत नाही. ते चाक चिकटून राहते, तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. मिस्त्री कॅलिपर खोलतो आणि दोष पाइपमध्ये असतो. पाच-सहा वर्षे झालेले पुढचे दोन आणि मागच्या ॲक्सलवरचा एक, असे तिन्ही एकदम बदलावेत. स्टीलच्या जाळीचे पाइप घातल्याने पेडल थोडे कडक लागते, थांबायचे अंतर त्याने कमी होत नाही. आणि दुकानात हाताने दाबून बनवलेले असे पाइप तर घेऊच नयेत. गंजलेली स्टील लाइन बदलताना स्टीलचीच, दुहेरी फ्लेअर केलेली (टोक दुमडून पसरवलेली) घ्यावी. साध्या तांब्याची नळी कंपनांनी कडक होऊन तडकते.

पुढच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने सहा-आठ जागी मोजून कमी भरली तर प्लेट बदलावी, लेथवर ओढून आणखी पातळ करू नये. पातळ प्लेट लवकर तापते. नवी प्लेट बसवण्याआधी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा आणि डायल गेजने लचक (फिरताना प्लेट बाजूला डुलते ती) पाहावी, ०.१ मिलीमीटरच्या आत हवी. हबवर गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी नवी प्लेट काही हजार किलोमीटरमध्ये पेडल थरथरवू लागते आणि दोष प्लेटच्या माथी जातो. कॅलिपरच्या सरकत्या पिना हा जुन्या गाडीतला हमखास बिघाड. एक पिन अडकली की आतला पॅड संपतो आणि बाहेरचा नवाच राहतो. पिना काढून साफ कराव्यात, सिलिकॉनचे ब्रेक ग्रीस लावावे. बेअरिंगचे ग्रीस तिथे नको, त्याने बूट फुगतात. पॅड ३ मिलीमीटरवर आले की बदलावेत. पॅडच्या कडेला ‘एफएफ’, ‘एफई’, ‘जीजी’ अशी दोन अक्षरे असतील तर पहिले थंड पकडीचे आणि दुसरे गरम पकडीचे असते. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. घाटातल्या गाडीला दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असलेला पॅड घेऊ नये. भोके पाडलेली डिस्क दिसायला छान असते, पण भरलेल्या पिकअपमध्ये त्याच भोकांपासून तडे सुरू होतात.

मागच्या ड्रमकडे सहसा आवाज आल्याशिवाय कोणी पाहत नाही. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. तो ओलांडला की ड्रम बाद. लेथवर ओढून मोठा केलेल्या ड्रममध्ये जुन्या गोलाईचे लायनर घातले तर ते मधल्या पट्ट्यावरच टेकतात. लायनर नीट बसला का ते पाहायला त्यावर खडू ओढून ड्रममध्ये फिरवावे. पुसल्याची खूण बहुतेक लांबीवर दिसायला हवी. ॲक्सलच्या ऑइल सीलमधून गळून लायनरवर तेल आले असेल तर शू जोडीने बदलावेत. पेट्रोलने धुऊन किंवा जाळून तेच शू परत घालण्याची पद्धत बंद व्हायला हवी, कारण तापल्यावर आतले तेल पुन्हा वर येते. ड्रमच्या आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ मिस्त्रीच्या फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसावी. शू आवळताना चाक जाम होईपर्यंत ॲडजस्टर फिरवून मग हळूहळू मागे घ्यावा. हाताने चाक फिरवताना हलकी घासर ऐकू यावी. हँडब्रेकची केबल यानंतर ओढावी. आधी केबल ओढून घेतली तर शू कधीच पूर्ण बसत नाहीत आणि पेडल खालीच राहते.

डिझेल इंजिन बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम स्वतः देत नाही. तो वेगळ्या पंपातून येतो, आणि बऱ्याच पिकअपमध्ये हा पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. अल्टरनेटर रिपेअर करताना पंपाची पाती झिजली का हे पाहायचे राहून जाते. साताऱ्याच्या उंचीवर आयडलला ६०० मिलीमीटर पारा किंवा जास्त व्हॅक्यूम दिसला तर पंप ठीक. ५०० च्या खाली असेल तर पंप, नळी आणि नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह या क्रमाने पाहावे. गेज नसेल तर इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर जिवंत आहे. इंजिन बंद केल्यावरही दोन-तीन वेळा हलके पेडल मिळायला हवे. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८५ टक्के असतो, त्यामुळे बूस्टरची मदतही तेवढ्याच प्रमाणात घटते. कमजोर पंप शहरात कळत नाही, तिथे कळतो. आणि डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारा ड्रायव्हर हा पंपच बंद करतो.

एवढे सगळे करूनही गाडीला जास्त ब्रेक हवा असेल, तर मोठ्या भागांचा विचार करावा, पण संच म्हणून. कॅलिपरचा पिस्टन ५४ वरून ६० मिलीमीटर केला की क्षेत्रफळ २३ टक्के वाढते. पकड वाढते, पण तेवढे जास्त ऑइलही ढकलावे लागते आणि जुन्याच मास्टर सिलिंडरवर पेडल खोल जाते. मग कोणी मास्टर २२.२ वरून २५.४ मिलीमीटरचा बसवतो. पेडल वर येते, पण त्याच पायाच्या जोराला दाब जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी मिळतो आणि मिळवलेले सगळे परत जाते. म्हणून डिस्क, कॅलिपर, नकल (पुढच्या चाकाचा हब धरणारा भाग), मास्टर आणि बूस्टर हे त्याच कंपनीच्या त्याच घराण्यातल्या जास्त वजनाच्या मॉडेलचे एकत्र घ्यावेत, आणि व्हॉल्व्हही त्याच मॉडेलचा. रिमच्या आत कॅलिपरला चारही बाजूंनी मोकळी जागा हवी, नाहीतर बॅलन्सची वजने घासतात. मागे ड्रमच्या जागी डिस्क करण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. हँडब्रेकची सोय जाते किंवा कमजोर होते, जुन्या ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर डिस्क सतत चिकटते, आणि एलएसपीव्हीचे सगळे गणित बदलते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधने घालते. असा बदल केलेल्या गाडीचा अपघात झाला तर विम्याच्या वेळीही प्रश्न निघतो.

हवा काढताना मास्टरपासून लांबचे चाक आधी: आपल्या गाड्यांत मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. मागची हवा काढताना गाडी चाकांवर उभी असावी. जॅकवर लटकलेल्या ॲक्सलमुळे एलएसपीव्ही रिकाम्याच्याही पुढच्या स्थितीत जातो आणि हवा आत अडकून राहते. जुन्या मास्टरवर पेडल तळापर्यंत आपटू नये; सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातला गंज रबर कापतो. काम झाल्यावर नवे पॅड आणि लायनर रिकाम्या रस्त्यावर बसवून घ्यावेत: ताशी ५० वरून १० वर मध्यम जोराने, असे साधारण वीस वेळा, दोन ब्रेकमध्ये अर्धा मिनिट चालू ठेवून, गरम असताना पेडल दाबून उभे न राहता. हे न करता त्याच संध्याकाळी माल भरून घाटात नेलेली गाडी लायनर चकचकीत करून आणते, आणि मग ते घासून काढावे लागतात.

ड्रायव्हरसाठी दोनच गोष्टी. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते त्याच गिअरमध्ये उतरवावी आणि ब्रेक सतत घासत न ठेवता दाबून, वेग कमी करून, सोडून द्यावा. पायथ्याला पोचल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, बीड तडकते. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढूनही ठेवू नये. गिअर टाकून चाकाला ठोकळा लावावा.

शेवटी परिवहन विभागाला एक विनंती. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, पण तपासणीला गाडी रिकामी येते. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांना कमी दाब जाणे हेच योग्य असते, त्यामुळे जादा पाट्यांमुळे झोपलेला व्हॉल्व्ह ब्रेकचा जोर मोजणाऱ्या रोलरवर पकडला जात नाही. सातारा आणि कऱ्हाडच्या तपासणीत तीन गोष्टी वाढवाव्यात: कमानीतले पाटे मूळ संख्येइतके आहेत का ते मोजणे, व्हॉल्व्हची दांडी तारेने बांधलेली नाही ना ते पाहणे, आणि दांडी हाताने हलवून रोलरवर मागच्या चाकांचा जोर बदलतो का ते बघणे. तपासणीच्या खड्ड्यावर उभ्या असलेल्या गाडीखाली हे काम काही मिनिटांत होते आणि त्याला नवे यंत्र लागत नाही.

आपले नम्र,
वाहनदुरुस्ती व्यवसायातील वाचक, सातारा